कॅलेंडरमागचा पासवर्ड

१

दुपारचं जेवण उरकलं की भाऊराव सोनवणे हात पुसत कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि शकु, त्यांची बायको, आतल्या खोलीत आडवी व्हायची. घाटकोपरच्या पंतनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात हा नेम कित्येक वर्षं चालला होता. आधी भाऊराव बातम्या वाचायचे, मग ब्लडप्रेशरला कुठली भाजी चांगली ते शोधायचे आणि शेवटी खुर्चीतच पेंगायचे. नोव्हेंबरपासून पेंगणं बंद झालं होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्यांची मुलगी किरण मुलुंडच्या ऑफिसला जायला निघाली, ती ऑफिसला पोचलीच नाही. सव्वीस वर्षांची धडधाकट पोरगी. फोन सकाळी दहाला बंद झाला तो बंदच. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाइकांकडे विचारून झालं, हॉस्पिटलं पालथी घालून झाली. भाऊरावांनी पोस्टर छापायला टाकलं तेव्हा दुकानदारानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "काका, हा सेल्फी उलटा आलाय. बॅगेवरची अक्षरं बघा ना, आरशातल्यासारखी आहेत. मी सुलटा करून देतो." सुलट्या फोटोचं पोस्टर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लागलं. कॉम्प्युटरवर फोटो होता तसाच राहिला.

आता ह्या घराची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात माणसं तीन, फोन तीन, कॉम्प्युटर एक, आणि ईमेलचं खातंही एकच. किरणच्या अकरावीच्या ॲडमिशनच्या वेळी सायबर कॅफेवाल्यानं भाऊरावांच्या नावानं ते काढून दिलं होतं, आणि मग तेच सगळ्यांच्या फोनमध्ये घातलं गेलं. भाऊरावांनी पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला म्हणून एकतीस वर्षं काढलेली. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा आणि वस्तीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. घराला जशी एक लाइन तसा एक ईमेल, ह्यात चुकीचं काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेनानं लिहिलेला असायचा. दर एक जानेवारीला किरण तो जुन्या कॅलेंडरवरून नव्यावर उतरवायची आणि दर वेळी म्हणायची, "बाबा, शेजारी चोरासाठी चहाचा कपपण ठेवू या." ह्या वर्षी भाऊरावांनी तो स्वतः उतरवला. अक्षरं वेडीवाकडी आली.

तर ह्या एका खात्यामुळे घरात कोणी काहीही शोधलं, की ते सगळं एकाच यादीत पडायचं. शकुच्या मालिका, भाऊरावांचं ब्लडप्रेशर, किरणचे केस गळण्यावरचे उपाय. जानेवारीत एका दुपारी भाऊराव ही यादी चाळत बसले होते. त्यांना फक्त किरणच्या जुन्या ओळी वाचायच्या होत्या.

पण यादीत सगळ्यांत वर एक नवी ओळ होती. "कुकरची शिट्टी अडकली तर काय करायचं." कालची, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची. खाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं, मुलुंड परिसर.

काल तीन वाजता भाऊराव आणि शकु पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून होते. दोघांचे फोन शकुच्या पिशवीत होते.

२

हवालदारानं किरणचा फोन लावून बघितला. "बंदच आहे काका. कोणीतरी तुमचा पासवर्ड ढापलाय. बदलून टाका."

भाऊराव बदलतो म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी काहीच बदललं नाही. कुकर! किरण नववीत असताना कुकरची वाफ तिच्या हातावर आली होती, मनगटाजवळ चिंचेच्या पानाएवढा डाग कायमचा राहिला होता. तेव्हापासून ती कुकरला घाबरायची. असला प्रश्न चोर कशाला विचारील? लाइन चालू आहे, एवढंच त्यांना कळलं. चालू लाइन कोण बंद करतं?

दुसऱ्या दुपारी त्यांनी शोधायच्या चौकटीत एका बोटानं टाइप केलं, "किरण बाळा कुठे आहेस मी बाबा." ब्राउझरनं त्यावर मुलींच्या नावांची लांबलचक यादी काढून दिली. भाऊरावांना तिच्याशी देणंघेणं नव्हतं. आपली ओळ हिस्टरीत जाऊन बसली, हे त्यांनी दोनदा तपासलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. "घरी कसं जायचं." भांडुप परिसर.

भाऊराव खुर्चीत बसल्या बसल्या रडले. तोंडात रुमाल धरून रडले, कारण आत शकु झोपली होती. मग त्यांनी इमारतीचा नंबर, मजला, जिन्याकडून डावीकडचं दार, सगळं लिहिलं.

पुढचे दोन महिने असे गेले. भाऊराव काही खुळे नव्हते. पोरीला घरी यायचंय तर ती फोन का करत नाही, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा आणि रोज ते त्याचं उत्तर द्यायचे. डोक्याला मार लागला असेल. कोणीतरी भल्या माणसानं ठेवून घेतलं असेल. सिमकार्ड गेलं असेल, कोणाच्या तरी वायफायवर चालत असेल. स्मृती गेलेल्या माणसांबद्दल त्यांनी इतकं वाचलं की डॉक्टरलाही शिकवलं असतं.

"दार कसं उघडतं," असं विक्रोळीहून आलं. भाऊरावांनी लिहिलं, सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात आत घालून तू स्वतःच कडी काढतेस, बेल कधी वाजवत नाहीस. "आई काय म्हणते," असं आलं. त्यांनी लिहिलं, किरू. "हसते कशी," असं आलं, तेव्हा मात्र त्यांनी तीन वेळा लिहून खोडलं. स्वतःच्या मुलीचं हसू शब्दांत सांगायची वेळ कुठल्या बापावर येते? शेवटी त्यांनी लिहिलं, तोंडावर तळवा धरतेस आणि आवाज नाकातून येतो.

ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बाण आला होता. अपडेट करा, असं तो सांगत होता. आधी हिरवा होता, मग नारिंगी झाला. अपडेट केलं की पुन्हा साइन इन करावं लागेल, असं खाली लिहिलं होतं. भाऊरावांनी त्याला हात लावला नाही.

३

मार्चमध्ये बाण लाल झाला. त्याच रविवारी सकाळी तळमजल्यावरचा सिद्धेश पोस्टरच्या आणखी प्रती काढून द्यायला वर आला. हा ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करायचा. त्यानं स्क्रीनकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, हे काय यार! कित्येक महिने अपडेट नाही? दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे."

"राहू दे रे. चालतंय ना."

पण सिद्धेशनं माउस हातात घेतला होता. समोरच हिस्टरी उघडी होती. तो वाचत गेला तसा त्याच्या चेहऱ्यावरचा चेष्टेचा भाव उतरला.

"हे तुम्ही लिहिलंय? पत्ता, कडी, हाक?"

"किरणला. तिला आठवत नाहीये."

"काका, ऐका माझं." सिद्धेशनं खुर्ची ओढून घेतली. "आमच्याकडे रोज अशा केसेस येतात. खात्यात कोणीतरी घुसलंय. तो थोडं थोडं विचारतो आणि माणूस आपणहून सगळं देऊन बसतो. तुम्हाला कोणी लुटत नाहीये, तुम्ही स्वतःच हातात देताय. थांबा, कुठल्या फोनवरून येतंय ते दाखवतो तुम्हाला."

त्यानं एक पान उघडलं. खातं ज्या ज्या यंत्रांवर चालू होतं, त्यांची यादी. हा कॉम्प्युटर. भाऊरावांचा फोन. शकुचा फोन. चौथी ओळ फिकट होती: किरणचा फोन, शेवटचा वापर नोव्हेंबर.

पाचवी ओळ नव्हती. सिद्धेशनं पान पुन्हा उघडलं, मग आणखी एकदा उघडलं.

"काय झालं?" भाऊरावांनी विचारलं.

"काही नाही. म्हणजे... कुठूनतरी यायला पाहिजे ना हे." तो दाराकडे बघत बोलत होता. "जाऊ दे. आपण सगळं तोडून टाकू. सगळीकडून बाहेर पडायचं, पासवर्ड बदलायचा, अपडेट मारायचा. दोन मिनिटांचं काम आहे."

बटणावर लिहिलं होतं, सगळीकडून बाहेर पडा. सिद्धेशचं बोट खाली येत असताना भाऊरावांनी वाकून भिंतीतला प्लगच उपटला. स्क्रीन काळी झाली.

"एकशे अठरा दिवस झाले रे," भाऊराव म्हणाले. प्लग अजून त्यांच्या मुठीत होता. "पोलिसांनी फाइल खाली ठेवली. नातेवाईक आता फोन उचलत नाहीत. हीच एक लाइन राहिलीये. तू ही बंद करून जाशील, मग मी दुपारी काय करू सांग?"

सिद्धेशनं माउस सोडला. कॅलेंडरचा किस्सा त्यानं किरणकडून ऐकला होता. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "निदान कॅलेंडरवरचा पासवर्ड तरी खोडा, काका."

४

शकुनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. सिद्धेश गेल्यावर ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"दोन महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

"लावा ते. मला बघू द्या."

भाऊरावांनी कॉम्प्युटर लावला आणि एकेक ओळ तिला वाचून दाखवली. शकु उभीच होती. आई काय म्हणते, ह्या ओळीला तिनं त्यांना थांबवलं.

"ही माझी किरू नाही."

"अगं, विसरलीये ती."

"विसरलेलं माणूस रडतं हो. माझी आई शेवटी मला ओळखायची नाही, नुसती हात धरून रडायची. हे रडत नाही. हे घोकतंय. परीक्षेला बसल्यासारखं घोकतंय."

"गप्प बस!" भाऊराव ओरडले. एवढ्या वर्षांत ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. शकु आत गेली आणि त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बुधवारी नवी ओळ आली. "खूण कुठे आहे." भाऊरावांना क्षणभर आनंदच झाला. स्वतःचाच हात बघून प्रश्न पडला असेल पोरीला, की हा डाग कसला. पण कुठल्या हाताला, हे त्यांना आठवेना. इतकी वर्षं तो डाग त्यांनी बघितला होता, आणि आता डोळे मिटले की दोन्ही मनगटांवर दिसायचा. शकुला विचारायची सोय नव्हती. त्यांनी कॉम्प्युटरवरचा फोटो उघडला, बॅग खांद्याला लावून हसणारी किरण, आणि नीट बघून लिहिलं, उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, कुकरच्या वाफेनं.

मग त्यांचं लक्ष करड्या अक्षरांकडे गेलं. खूण विचारणाऱ्या ओळीखाली मुलुंड नव्हतं, विक्रोळी नव्हतं, घाटकोपरही नव्हतं. तिथं लिहिलं होतं, घर.

त्यांच्या स्वतःच्या ओळींखाली ब्राउझर रोज हेच लिहायचा. चुकून लिहिलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तरी त्यांनी पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, बाथरूमचं दार ढकललं. मग दारामागची लोखंडी सळी काढली. नोकरीत असताना फुटलेली लाइन शोधायला ते हीच सळी पाइपवर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचे. निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी घरी आणली होती, आणि किरण तिला बाबांचा स्टेथोस्कोप म्हणायची. ती त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला लावली.

आधी पंख्याची घरघर ऐकू आली. त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, आणि तो त्यांना चांगला ओळखीचा होता. रिकाम्या लाइनला पाणी सोडलं की पाणी यायच्या आधी हवा ढकलली जाते, तसा. लांबून, सावकाश, पण इकडेच येणारा.

सळी ठेवून त्यांनी वर बघितलं तर शकु दारात उभी होती. तिनं स्क्रीनवरचा शब्द वाचला होता. तिनं माळ्यावरचं जुनं कुलूप काढलं, सेफ्टी डोअरच्या कडीला आतून लावलं आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

५

शुक्रवारी दुपारी भाऊराव आंघोळीला गेले असताना शकुनं लाल बाण दाबला.

तिला टाइप करता येत नव्हतं, पण सिद्धेशचं अपडेटबद्दलचं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि तो बाण बघून ठेवला होता. भाऊराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा ब्राउझर बंद होऊन पुन्हा उघडला होता. लख्ख पांढरं पान होतं, हिस्टरी नव्हती, काहीच नव्हतं. साइन इन करा, एवढंच.

"शकु, काय केलंस गं हे! काय केलंस!"

"केलं. मारा मला हवं तर," शकु म्हणाली. तीही रडत होती. "मलाही पोरगी पाहिजे. पण माझीच पाहिजे."

भाऊराव ओल्या अंगानं स्वयंपाकघरात धावले, खिळ्यावरचं कॅलेंडर खसकन ओढून आणलं आणि मागचा पासवर्ड बघून एकेक अक्षर दाबलं. ब्राउझरनं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ह्या वेळी खाली एक ओळ आली. तुमचा पासवर्ड दोन तासांपूर्वी बदलला गेला आहे.

"तू बदललास?"

शकुनं नाही म्हणून मान हलवली. सिद्धेशला जुना पासवर्डच माहीत नव्हता. सकाळपासून घरात त्या दोघांशिवाय कोणी आलं नव्हतं.

म्हणजे लाइन तुटली होती, आणि व्हॉल्व्ह आता दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात होता. पासवर्ड विसरलात का, असं खाली निळ्या अक्षरांत होतं. त्यांनी ते दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि मग पान उघडलं.

हे खातं तुमचंच आहे याची खात्री करायची आहे. किरणच्या फोनवर सूचना पाठवली आहे. फोन उघडून 'हो' दाबा.

दाराबाहेर टिंग वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. किरणच्या फोनचा तो टोन होता. चहाच्या कपावर चमचा लागल्यासारखा, तिनं मुद्दाम निवडलेला. इमारतीत भर दुपारची शांतता होती. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालला होता, तो थांबला.

स्क्रीनवर अक्षरं बदलली. धन्यवाद, होकार मिळाला आहे.

भाऊरावांनी आतलं लाकडी दार उघडलं. सेफ्टी डोअरच्या पलीकडे जिन्याचा अंधुक उजेड होता आणि त्या उजेडात कोणीतरी भिंतीच्या कडेला उभं होतं, जाळीतून पुरतं दिसणार नाही असं. तोच आवाज तिथून येत होता, पाण्याआधीच्या हवेचा. मग तो थांबला आणि नाकातून आल्यासारखं हसू ऐकू आलं. दबकं, तोंडावर तळवा धरल्यासारखं.

"किरण?" भाऊराव म्हणाले. "बाळा?"

जाळीतून हात आत आला. सवयीचा असावा तसा थेट कडीकडे गेला, बोटांना कुलूप लागलं आणि बोटं तिथंच थांबली. हात उलटा झाला. मनगटाच्या आत, पांढुरक्या कातडीवर, चिंचेच्या पानाएवढा डाग होता.

"शकु, बघ! बघ गं, डाग बघ!" भाऊरावांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. "मी म्हणत नव्हतो?"

शकुनं मागून त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"अहो, उजवा हात आहे तो."

"मग?"

"डावा होता. नळाखाली मी धरला होता. पाणी जाईपर्यंत धरला होता. डावा होता हो."

भाऊरावांना दुकानदार आठवला आणि बॅगेवरची उलटी अक्षरं आठवली. बुधवारी आपण फोटोत बघून काय लिहिलं, ते आठवलं. हात कुलपावर तसाच होता, कसलीही घाई नसल्यासारखा. तळहाताला एकही रेघ नव्हती. रेघांबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"दार लावून घ्या," शकु कुजबुजली. "तुमच्या पाया पडते. ती नाही हो ती."

एकशे तेवीस दिवस झाले होते. लाकडी दार लावून घेतलं असतं तर उद्याच्या दुपारी तेच पांढरं पान होतं, आणि परवाही तेच.

"माहीत आहे मला," भाऊराव म्हणाले आणि त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.